इतर

तेकलाबाई, तुमचा कागद मिळाला.
‘कार्यालयात वीज वाचवावी असं तुम्हांला कशामुळे वाटतं?’
खाली पाच चौकोन:
पृथ्वी. बक्षीस. वरिष्ठांचा आदेश. सहकाऱ्यांशी चढाओढ. इतर.
‘इतर’पुढे जागा बोटभर.
तेवढ्यात मावत नाही,
म्हणून हा पाठकोरा जोडतोय.

कुताइसीचं आमचं पाणीपट्टी ऑफिस चार मजली.
लिफ्ट आहे, म्हणजे लिफ्टचं दार आहे.
हिवाळ्यात नदीवरचा वारा
कुणाला न विचारता फायलींत शिरतो,
आणि टेबलाटेबलाखाली एकेक हीटर
मांजरासारखा पायांशी घुटमळतो.

आधी तुम्ही पांढऱ्या अस्वलाचं चित्र लावलंत.
झुझुनाने त्याला मिशा काढल्या.
मग काटकसरी मजल्याला केक जाहीर केलात.
तिसऱ्या मजल्याने पटकावला.
त्या महिन्यात तिथे रंगकाम होतं,
माणूसच नव्हतं कुणी.
केक सगळ्यांनी खाल्ला.
हीटरच्या उबेत.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी
मी छत्री विसरलो, पुलावरून मागे फिरलो.
समोर आपली इमारत,
सगळ्या खिडक्या लग्नघरासारख्या उजळलेल्या
आणि आत चिटपाखरू नाही.
पहिला मजला विझला.
मी सिगारेट पेटवली.
दुसरा विझला.
सिगारेट संपली, तिसरा विझला,
दुसरी सिगारेटही संपली,
चौथा विझेना.

वर गेलो.
जिन्याच्या वळणावर ओतिया बसलेला,
आमचा रात्रीचा पहारेकरी,
एक बूट काढून, पँट वर सरकवून,
सुजलेला गुडघा दोन्ही हातांनी धरून,
तापलेलं पातेलं धरावं तसा.
‘चौथ्यावर कुणाचा तरी हीटर राहिलाय,’ म्हणाला,
जणू चूक त्याचीच.

चौथ्यावर मी बसतो.

मग, मी विचारलं नव्हतं तरी, बोलला:
नव्वदीतल्या त्या काळोख्या हिवाळ्यांत
तो वीजकेंद्रात खटक्यावर होता.
आज कुठली गल्ली अंधारात घालायची
हे त्याच्या हाताने व्हायचं.
एकदा बेकरीची गल्ली, एकदा बाळंतिणींची.
‘रिकाम्या खुर्चीसाठी जळणारा दिवा
मला बघवत नाही,’ म्हणाला.
‘गुडघ्याचं काय, तो दुखतोच.’

दुसऱ्या दिवशी मी फक्त नाझिब्रोलाला सांगितलं,
फक्त तिला.
म्हणजे दवंडी पिटायचा खर्च वाचला.

त्या संध्याकाळी सहाला
खट्, खट्, खट्.
लाशा, जो स्वतःचा कपही विसळत नाही,
तो झेरॉक्सच्या मागे हात घालून बटण शोधत होता.
कुणी कुणाला काही म्हणालं नाही.
अस्वलाकडे कुणी पाहिलंही नाही.

आठवडाभर असं चाललं.
मग एका सकाळी ओतिया दारातच उभा,
टोपी हातात, चेहरा उतरलेला.
‘मला काढून टाकताय का?’
चार रात्री तो पायरीही चढला नव्हता,
बाहेर रस्त्यावरूनच दिसायचं, सगळं विझलेलं.
त्याला वाटलं, कुणी दुसरा नेमलाय.
झुझुना हसायला लागली आणि मग हसली नाही.

तेव्हापासून आम्ही एक दिवा ठेवतो.
तळमजल्यावर, दाराला लागून, भरणा खिडकीचा.
पायरी नाही, चढण नाही, हात लांबवला की खटका.
तो आठला येतो, मान हलवतो,
‘हे लोक कधी सुधारणार नाहीत,’ असं
मोठ्यांदा म्हणतो (बाहेर पानवाल्या बाकावर
ऐकायला कुणी असो नसो)
आणि विझवतो.

तर तेकलाबाई,
तुमच्या तक्त्यात रोज दोन तासांचा
एक दिवा जास्त दिसेल. तो चुकून नाही.
त्याला गळती म्हणू नका.

चौकोनाचं म्हणाल तर
आम्ही सगळ्यांनी ‘पृथ्वी’वर खूण केलीय.
तुम्हांला वर दाखवायला बरं पडेल.
आणि अगदीच खोटं नाही ते,
ओतिया राहतो तिच्यावरच.